गोधडीच्या व्यवसायासाठी विनामूल्य सल्ला: कोठे आणि कसा

हस्तकलेचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांना कोणी फुकट मार्गदर्शन करत नाही, ही तक्रार मला अर्धीच पटते. ‘आमच्यासाठी एखादी योजना आहे का?’ असे विचारत जाणाऱ्याच्या हातात माहितीपत्रक पडते आणि नेमका प्रश्न घेऊन जाणाऱ्याला बहुधा नेमके उत्तर मिळते, असा आम्हा गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा अनुभव आहे.

आमचा पहिला प्रश्न किमतीचा होता. जुन्या सुती साड्यांचे थर अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत शिवलेल्या गोधडीत कापड आणि दोऱ्याचा खर्च थोडाच. खरा खर्च हातांचा. पण दुपारी जेवणे आटोपल्यावर दोन तास, रात्री मालिका बघता बघता तासभर, असे टाके पडत असल्यामुळे त्या वेळेचा हिशेब कोणाच्याच घरात नसतो. ज्या संस्थेला सगळे ‘आरसेटी’ म्हणतात, त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षकांनी सांगितले की एक गोधडी घ्या, तिच्याशेजारी वही ठेवा, बसताना आणि उठताना वेळ लिहा. गोधडी पुरी झाल्यावर बेरीज केली, तेव्हा आमची मजुरी रोजगार हमीच्या दरालाही पोहोचत नव्हती. आता घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती वहीच ठेवता येते. या संस्था बँका चालवतात. तेथील प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावाही केला जातो, ज्याचा लाभ फारच थोडे लोक मागून घेतात.

दुसरा प्रश्न अडकलेल्या पैशांचा. शहरातील एका दुकानाने माल घेतला आणि पैशांसाठी ‘पुढच्या महिन्यात बघू’ सुरू केले. जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकाऱ्यांनी समजावले की २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी होणारी नोंद, माल देण्याआधीची असावी आणि नुसत्या ‘माल ठेवून घेतला’ अशा चिठ्ठीवर न थांबता तारखेसह बिल करून त्यावर पोच घ्यावी, हे त्यांनी दोनदा बजावले. परिषदेपर्यंत जावे लागले नाही; कायद्याचा उल्लेख असलेले साधे पत्र पुरले.

ही उद्यम नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे. आधार आणि पॅन हाताशी असले की ती घरबसल्या होते, तरीही सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल, तर तेथे पैसे भरू नयेत.

पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल मात्र थोडे सावधपणे लिहिते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, कुंभार आहे, टोपल्या विणणारे आहेत, गोधडी शिवणारी नाही. आमच्यापैकी जिच्या घरी पिढीजात शिलाईकाम चालते, तिलाच अर्ज करण्यात अर्थ होता. ओढूनताणून नियमात बसवून देणारे मध्यस्थ पुष्कळ भेटतात, त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे.

विक्रीबाबत मात्र कार्यालयांपेक्षा इतर कारागिरांकडूनच आम्हाला अधिक शिकायला मिळाले. बचत गटांच्या सरस प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरील मावशींनी आमची मांडणी बघून सांगितले की मोठी गोधडी घडी घालून मागे ठेवा आणि बाळाची दुपटी पुढे लावा. गिऱ्हाईक दुपट्याला हात लावायला थांबते आणि मग गोधडीची किंमत विचारते.