केसपेपरची खिडकी

महापालिकेच्या एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे मी बरीच वर्षे काढली. नाव, वय, पत्ता विचारायचा आणि कागद पुढे सरकवायचा, एवढेच ते काम. पण समोरच्या व्यक्तीचे कपडे पाहून 'मॅडम, पत्ता सांगा' की 'ए बाई, पत्ता बोल' हे तोंडातून आपोआप ठरून बाहेर पडत असे, आणि त्यात काही वावगे आहे असे तेव्हा मला वाटतही नसे.

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या मुलीमुळे अलीकडे अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांविषयी थोडे वाचन झाले. तेथील अभ्यासक 'जाणवलेला भेदभाव' मोजतात. जाणवलेला म्हणजे मनाचे खेळ, असा माझा पहिला ग्रह झाला (निवृत्त कारकुनाला तो सोयीचाही होता). मग डेव्हिड विल्यम्स या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली प्रश्नावली तिने दाखवली. डेट्रॉइटमधील अभ्यासातून आलेली आणि पुढे लॅटिनो समाजातही वापरली गेलेली ही प्रश्नावली धमक्या, अपमान यांच्याबरोबरच अगदी बारीकसारीक गोष्टी विचारते: लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्याने वागतात का, तुम्हाला अक्कल नाही असे धरून बोलतात का आणि असे किती वेळा घडते. ती वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला.

तेथील स्थलांतरितांना दवाखान्यात जाण्याची जी भीती वाटते, तिला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. तातडीच्या रुग्णाला वास्तव्याची कागदपत्रे न पाहता सावरलेच पाहिजे, असा कायदा १९८६ पासून आहे. मात्र १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रस्ताव १८७' मध्ये कागदपत्रे नसलेल्यांना इतर सरकारी वैद्यकीय सेवा नाकारण्याची आणि संशयितांची खबर अधिकाऱ्यांना देण्याची तरतूद होती. न्यायालयाने ती अडवली. पुढे, मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) सारखी सरकारी मदत घेतल्यास कायम वास्तव्याचा परवाना नाकारला जाऊ शकेल, असा नियम २०१९ मध्ये आला आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मुलांनी घेतलेले मेडिकेड त्यात धरले जाणार नव्हते, तरीही काही आईबापांनी तेथेच जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या मुलांसाठीही ते टाळले.

या मोजणीतही एक मेख आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जो वारंवार दवाखान्यात जातो त्याला अपमानाचे प्रसंगही अधिक येतात, आणि जो पायरीच चढत नाही त्याच्याकडे दवाखान्यातला सांगण्यासारखा अनुभवच नसतो. त्यामुळे भेदभाव जाणवल्याने उपचार घटतात का, या प्रश्नाला केवळ एकदा केलेल्या पाहणीतून सरळ उत्तर मिळणे अवघड असते.

मुंबईत जालन्याहून किंवा बिहारमधून आलेल्या मजुराच्या डोक्यावर हद्दपारीची तलवार नसते, म्हणून दोन्हीकडची तुलना मी ताणणार नाही. पण 'कुठून आलात?' हा प्रश्न दोन्हीकडे दोन प्रकारे विचारता येतो.

एकदा खोकल्याने बेजार झालेली एक बांधकाम मजूर बाई खिडकीशी आली. पत्ता विचारल्यावर ती म्हणाली, 'पुलाखाली.' मी मोठ्याने म्हणालो, 'पुलाखाली? असा काय पत्ता असतो?' रांगेतले दोघे-तिघे हसले. तिने कागद घेतला, थुंकीचा नमुनाही दिला असावा, कारण काही दिवसांनी क्षयरोग विभागाची आरोग्यसेविका तिचा पत्ता शोधत माझ्याकडे आली. अहवाल घ्यायला बाई फिरकलीच नव्हती. मी नोंदवही उघडली. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'पुलाखाली' एवढेच होते. कोणता पूल, हे मी विचारलेच नव्हते.