फक्की लागलेला चेंडू

आमच्या तालमीच्या कोजागिरीत दुधाचं पातेलं चुलीवर चढायच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. गच्चीच्या मधोमध पांढऱ्या रांगोळीची एक जाड रेघ ओढायची. पूजा नंतर, रेघ आधी. नवीन सून म्हणून पहिल्यांदा आलेल्या एका वहिनींनी ती रेघ बघून तिच्याभोवती हौसेनं वेलबुट्टी काढायला घेतली, तेव्हा चार-पाच जण एकदम ओरडले होते, "वहिनी, ती गोललाइन हाय!"

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगताना जरा मागून सुरुवात करावी लागते. आमच्याकडं फुटबॉलचे संघ क्लबांचे कमी आणि तालमींचे जास्त. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावं वाचून परगावच्या पाहुण्याला वाटतं कुस्त्या आहेत. ज्या पोरांनी सकाळी लाल मातीत अंग घोळवायचं, त्यांनीच संध्याकाळी चेंडूमागं धावायचं, अशी ती पिढीजात व्यवस्था. त्यामुळं शाहू स्टेडियमवर दोन तालमी समोरासमोर आल्या की खेळतात अकरा-अकरा जण, आणि पणाला लागतात दोन पेठा. पेठेत जन्मलेल्याला संघ निवडायची मुभा नसते. माझी आई एका पेठेतली, बाप दुसऱ्या. आजोळी गेलो की मामा पहिल्यांदा विचारायचा, "काय खाणार?" आणि लगेच, "आणि तुमचं पोरगं परवा कशाला पडलं डीत? वारा लागला काय?" डी म्हणजे गोलसमोरची आखलेली चौकट.

मी सातवीत होतो. इटलीतला १९९० चा वर्ल्डकप टीव्हीवर होऊन वर्ष व्हायचं होतं. आमची तालीम आणि मामाची तालीम फायनलला. मेची दुपार, गॅलरीच्या पायऱ्या अशा तापलेल्या की लोकांनी खाली वर्तमानपत्रं अंथरलेली. शून्य-शून्य. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असताना आमच्या मंडळाला एक थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हातानं चेंडू आत टाकायला मिळाला, तो थेट आमच्या फॉरवर्डच्या पायात आला आणि त्यानं डीच्या बाहेरून असा काही ठेवून दिला की चेंडू गोलच्या आडव्या दांडीच्या, म्हणजे बारच्या, खालच्या अंगाला आपटून सरळ खाली आला. खाली म्हणजे नेमका कुठं, हाच तर प्रश्न. त्यांच्या गोलीनं झेप घेऊन तो पोटाखाली घेतला. आम्ही नाचायला लागलो. रेफ्रीनं दोन्ही हात पुढं करून खेळ चालू ठेवायची खूण केली. मग टायब्रेकर, आणि टायब्रेकरला आम्ही हरलो. घरी आई गप्प होती. पण तिनं त्या रात्री शिरा केला होता, हे मी विसरलेलो नाही.

नियम सगळ्या पेठेला पाठ. गोल व्हायचा तर सबंध चेंडू सबंध रेषेच्या पलीकडं गेला पाहिजे. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण बावीस. रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद. इंचभर चेंडू जरी रेषेच्या वर हवेत लोंबत असला तरी गोल नाही. हे सगळं पुस्तकात ठीक. आमच्याकडं रेषा फक्कीची, म्हणजे पांढऱ्या पुडीची, आणि दुसऱ्या हाफच्या शेवटापर्यंत गोलीच्या पायांनी तुडवून तिचा पट्टा दीड वीत पसरलेला. त्यातून गोली चेंडू घेऊन उठला तेव्हा चेंडूला एका बाजूनं फक्की लागलेली होती, ही एकच गोष्ट दोन्ही पेठांना मान्य होती. पुढं दोन तट.

"फक्की लागली म्हणजे चेंडू रेषेवरच टेकला. गोल न्हाई," हे मामाचं.

"टेकला आतच. गोलीनं पोटाखाली घेऊन बाहेर वडला, तवा रेषेवरनं घासत आला आणि फक्की लागली," हे आमचं.

या फक्कीवर तिसाहून जास्त कोजागिऱ्या गेल्या.

वाद कोजागिरीलाच का, याला कारण वस्ताद. ते जुने पैलवान, तालमीत त्यांचा शब्द शेवटचा. सामना संपल्यावर रस्त्यात, कट्ट्यावर, पानपट्टीवर कोणी त्या सामन्यावरून दुसऱ्या पेठेतल्या माणसाशी हुज्जत घालायची नाही, असा त्यांचा दंडक होता. जे काय असेल ते कोजागिरीपर्यंत पोटात ठेवायचं आणि गच्चीवर दूध पिताना बाहेर काढायचं. आम्हा पोरांना हा जाच वाटायचा. पण कोल्हापुरात हुल्लडबाजीनं सामने थांबल्याचं, स्टेडियमबाहेर दगड पडल्याचं सगळ्यांनीच पाहिलेलं. वस्ताद कलकत्त्याचंही सांगायचे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, रेफ्रीनं दोघांना बाहेर काढलं, आणि गॅलरीत जे पेटलं त्यात सोळा जण गेले. "सामना बघाय गेलेली सोळा पोरं," एवढंच म्हणून ते थांबायचे. मग कोणीतरी चुलीत लाकूड सारायचा आणि विषय पुन्हा रेघेवर यायचा.

कोजागिरी तेव्हा बरोब्बर मोक्यावर पडायची. पावसाळा सरलेला, नवा हंगाम तोंडावर, यंदा कोण कुठल्या मंडळाकडनं खेळणार याच्या कुजबुजी चालू. दुधात जायफळ आणि चारोळी, बाजूला परातभर भेळ आणि भडंग. मामाला दरवर्षी आग्रहानं बोलावणं जायचं. विरोधी पक्ष नसेल तर वादाला चव नाही, हे आमच्या लोकांना कळत होतं. तोही ऐटीत यायचा, चप्पल काढतानाच म्हणायचा, "आरोपी हजर हाय, चालू करा."

मग प्रात्यक्षिक. एक पोरगा गोली व्हायचा. सतरंजीच्या दोन वळकट्या म्हणजे पोल. तालमीतले आण्णा स्वतः चेंडू घेऊन रेघेपाशी बसायचे आणि तो इंच-इंच सरकवत विचारायचे, "इथं? का इथं?" प्रत्येकाला तो वेगळ्या ठिकाणी दिसलेला असायचा. गंमत अशी, की जो माणूस गॅलरीत जितका लांब बसला होता त्याला तितकं स्पष्ट दिसलेलं होतं. एक काका तर त्या दिवशी साताऱ्याला लग्नाला गेले होते, हे त्यांच्याच बायकोनं पुढं कधीतरी फोडलं. तोपर्यंत ते नऊ वर्षं प्रत्यक्ष साक्षीदार होते. वस्ताद वैतागून म्हणायचे, "कुस्तीत बरं असतंय. पाठीला माती लागली की मिटलं. हितं चेंडूला फक्की लागूनबी निकाल न्हाई."

आमचा एक शिकलेला मेंबर होता, वाचनालयातून काहीबाही वाचून यायचा. त्यानं एका वर्षी १९६६ च्या वर्ल्डकपची फायनल आणली. वेम्बली, इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी, जादा वेळेत इंग्लंडच्या हर्स्टचा फटका असाच बारला लागून खाली आला. रेफ्रीनं लाइनमनला विचारलं. तोफिक बहरामोव्ह त्याचं नाव, अझरबैजानचा माणूस, त्यानं गोल सांगितला. इंग्लंड ४-२ नं जिंकलं आणि जर्मन लोक अजून मानत नाहीत. "आणि त्या बहरामोव्हच्या नावानं आता बाकूत स्टेडियम हाय," असं त्यानं सांगितल्यावर गच्चीवर क्षणभर शांतता. मग मागून आवाज आला, "आपल्या लाइनमननं झेंडा वर केला असता तर आपण निदान एक मुतारी तरी बांधली असती की त्याच्या नावानं." वस्तादांनी बायका बसल्यात याची आठवण करून दिली, पण हसल्या सगळ्यात जास्त बायकाच.

२०१० ला दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू बारला लागून चांगला हातभर आत पडला आणि रेफ्रीनं गोल दिला नाही, त्या रात्री आमच्या पेठेत एकमेकांना फोन गेले. बघा, आमचाबी असाच होता! दोन वर्षांनी गोललाइनच्या यंत्रांना मान्यता मिळाली ती जणू आमच्याच अर्जावरून, असा काहींचा आविर्भाव होता.

पण मला सांगायचंय ते त्याच्या बऱ्याच आधीच्या एका वर्षाचं. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की त्या रेफ्रींनाच बोलवूया. ते तोवर शिटी ठेवून मोकळे झाले होते. येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते आले, पांढरा सदरा, हातात छोटी पिशवी. वस्तादांनी रीतसर फेटा बांधला, नारळ दिला. ज्या माणसाच्या नावानं आम्ही वर्षानुवर्षं बोटं मोडली, तो समोर मांडी घालून भेळ खातोय, हे बघताना विचित्र वाटत होतं. आवाज चढवायचं कोणाला सुचेना. शेवटी आण्णांनी खाकरून चेंडू रेघेवर ठेवला आणि एवढंच विचारलं, "साहेब, कुठं होता?"

त्यांनी चेंडूकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मला दिसलाच नाही. मी डीच्या बाहेर, मधी सहा-सात माणसं. लाइनमनकडं बघितलं, त्यो डिफेंडरच्या लाइनीत उभा, त्याचा झेंडा खाली. न दिसलेला गोल मी कसा देऊ?"

इतकं सरळ उत्तर कोणाला अपेक्षित नव्हतं. आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो की त्यांनी पाहिलं आणि दिला नाही. मामासुद्धा हिरमुसल्यासारखा दिसला. त्याच्या बाजूचा निकाल न बघताच लागला होता म्हणजे.

दूध फिरलं. रेफ्रींनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, "चूक झाली ती त्याच्या आधी. तो थ्रो-इन तुमचा नव्हताच. चेंडू तुमच्या पोराच्या पायाला लागून बाहेर गेला होता. मी हात दाखवला आणि लगेच कळलं, पण तोवर थ्रो पडला होता. त्या रात्री झोपलो नाही मी. गोलचं नव्हतं काय, थ्रोचं होतं."

गच्चीवर अशी शांतता पसरली की चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकू आलं. इतक्या वर्षांत थ्रोबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता, मामानंही नाही. आणि मग मामा उठला. उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि ज्या आवाजात ओरडला तो अजून माझ्या कानात आहे: "थ्रो आमचा!"

त्या दिवसापासून कोजागिरीला दोन रेघा पडायला लागल्या. एक गोललाइन, एक टचलाइन, म्हणजे थ्रो पडतो ती बाजूची रेषा.

तो फटका मारणारा आमचा फॉरवर्ड या सगळ्यात कधीच तोंड उघडायचा नाही. दरवर्षी तो दूध ढवळायला बसायचा. एकदा मी त्याच्या शेजारी पातेल्यापाशी बसून विचारलं, दादा, तुम्हाला काय दिसलं होतं? पातेल्यातला डाव न थांबवता म्हणाला, "मारल्या मारल्या तंगडीत गोळा आला, आडवा पडलो. वर बघितलं तर सगळी नाचाय लागलेली. म्हटलं झाला असंल."

आता सामने मोबाइलवर थेट दिसतात, पोरं पडदा बोटांनी मोठा करून चेंडू थांबवतात. वाद मिटला असेल म्हणता? थांबवलेल्या चित्रात अर्धा चेंडू गोलीच्या गुडघ्यामागं असतो.

मी नोकरीसाठी पुण्यात आलो त्यालाही खूप वर्षं झाली. दरवेळी जाणं होत नाही. गेल्या कोजागिरीला रात्री साडेदहाच्या सुमारास फोन लावला. पलीकडं कालवा, डाव पातेल्यावर आपटल्याचा आवाज, कोणीतरी "आत होता, आत" म्हणत होतं. मामा आता ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. फोन त्याच्या हातात दिला. मी तब्येत विचारली. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे, म्हणाला, "व्हय, सोळा जण हायत, मी एकटाच हाय आमच्यातला. तू आधी ह्यांना विचार, थ्रो कुणाचा होता?"