भाड्याने द्यायला पहिली बिल्डिंग विकत घेताय? भाड्याचं नंतर बघू

माझ्या ओळखीतले काही जण सध्या पुण्याजवळच्या वाकड, हिंजवडी, मारुंजी भागात अख्खी छोटी बिल्डिंग घ्यायच्या मागे आहेत, म्हणजे दोन-अडीच गुंठ्यात वन आरके आणि वन बीएचके मिळून आठ-दहा रूम, सगळ्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. कल्पना चांगली आहे, एका फ्लॅटपेक्षा भाडं जास्त सुटतं आणि जमीनही आपल्या नावावर होते. पण जो तो पहिलं विचारतो "भाडं किती येतं?" आणि मला कळकळीने सांगावंसं वाटतं की हा प्रश्न तिसरा आहे.

पहिला प्रश्न, जमीन कोणाची? सातबाऱ्यावर सामाईकात पंधरा-वीस नावं आणि विकणाऱ्याकडे नुसता नोटरीचा कागद किंवा कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) असेल तर तिथूनच परत फिरा, असल्या कागदाने मालकी येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. वकील स्वतःचा करा, एजंटने आणलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) घ्या, जुने फेरफार वाचून घ्या, बहिणींचं हक्कसोड पत्र आहे का ते बघा (भांडण बऱ्याचदा तिथूनच उकरून निघतं), जमीन एनए (बिगरशेती) झालीय का बघा आणि पेपरात (कोणाची हरकत आहे का विचारणारी) जाहीर नोटीस दिल्याशिवाय मोठी रक्कम हातातून सोडू नका.

दुसरं म्हणजे मंजूर नकाशा हातात घेऊन बिल्डिंगसमोर उभं राहा आणि मजले मोजा. नकाशात पार्किंग आणि वर तीन मजले, जागेवर वर पाच, शिवाय पार्किंगमध्ये भिंती घालून काढलेल्या दोन रूम, असं सर्रास दिसतं. एजंट भाड्याचा जो आकडा सांगतो त्यात ह्या वाढीव रूमचं भाडंही धरलेलं असतं, आणि उद्या बेकायदा बांधकामाची नोटीस आली की आधी तेच भाडं जाणार. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय, राहायला हरकत नाही असा दाखला) नसेल तर लोनलाही अडचण येते, आणि पुढे विकताना समोरचा हेच दाखवून भाव पाडतो.

आता भाडं. समजा आठ रूम, प्रत्येकी ९,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७२,००० आणि वर्षाला ८ लाख ६४ हजार. किंमत दीड कोटी. ऐकायला मस्त वाटतं. पण वर्षातून सरासरी एक महिना रूम रिकामी धरा, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, वॉचमन, मिळकत कर, मोटर जळणं, प्रत्येक भाडेकरू गेला की रंग, ह्याचे दोन लाख धरा, हातात राहतात ५ लाख ९२ हजार, म्हणजे किमतीच्या चार टक्क्यांपेक्षा थोडं कमीच. आणि एक कोटीचं लोन ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता लाखाच्या वर जातो! म्हणजे सगळ्या रूम भरलेल्या असल्या तरी वरचा खर्च धरून महिन्याला सेहेचाळीसेक हजार खिशातून जाणार, ते पगारातून झेपणार असतील तरच पुढे जा. ह्याशिवाय शहर हद्दीत स्टँप ड्युटी ७ टक्के, म्हणजे साडेदहा लाख, ते रोख तयार लागतात. व्यवहार ५० लाख किंवा त्यावरचा असला की विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापून भरायची जबाबदारीही आपलीच.

भाडेकरूंना एकेकट्याने भेटा, मालक सोबत नको. भाडं किती देता, डिपॉझिट किती दिलंय, पाणी रोज येतं का, एवढंच विचारा. मालकाच्या यादीत आणि त्यांच्या उत्तरात फरक निघतोच. सगळी डिपॉझिटं खरेदीच्या रकमेतून वळती करून घ्या, कारण पोरं रूम सोडताना पैसे तुमच्याकडेच मागणार. आणि खरेदीखत झालं की लगेच प्रत्येकाशी नवीन लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) करून रजिस्टर करा. भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे, करार रजिस्टर नसेल तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरतात, ते खोटं ठरवायचं काम आपल्या गळ्यात येतं.