पाडव्याला ओवाळायचं कुणाला?

परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज, मग हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमातली ६ महिन्यांची वाट, मग निकाल. आणि लगेच दिवाळी. वसुबारस, धनत्रयोदशी निभावली. नरकचतुर्दशीला पहाटे उठवायला कुणी नव्हतं, याचा तर मला आनंदच झाला. अडचण पाडव्याची. तो दिवसच मुळी बायकोने नवऱ्याला ओवाळायचा! आई सारखी फोनवर, "धुळ्याला ये गं, एकटी काय करशील?" गेले असते तर आत्यांनी चकलीसोबत कीवही वाढली असती. भाऊबीजेला येते म्हटलं.

पहाटे रिक्षाने नाशिकचा नेहरू चौक गाठला. पिंपळपारावरची पाडवा पहाट लग्नानंतर राहूनच गेली होती. त्या घरी पाडव्याची सकाळ म्हणजे पाटाभोवतीची रांगोळी, उटणं, फराळाची ताटं, आणि शेवटी आपला गार चहा. इथे शाल गुंडाळून सतरंजीवर बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, "एकट्याच?" हो म्हटलं. त्यांनी थर्मास उघडला आणि थेट गायकाच्या तानेवर मत दिलं. (मत चांगलं नव्हतं, पण बरोबर होतं.)

येताना कोंडाजीचा चिवडा घेतला. या वर्षी घरी फक्त शंकरपाळे केले, तेही खारे, कारण मला तेच आवडतात. अनारसे कधीच जमले नाहीत आणि आता जमवायचेही नाहीत.

दुपारी जेवून झोपले ती थेट ५ वाजता उठले. सणाच्या दिवशी!