आज सर्व्हरला कुलूप लागलं

आज दिवसभर एकच काम, आमच्या पायथनच्या छोट्या एक्सएमएल-आरपीसी सर्व्हरला (एक्सएमएल मजकूर पाठवून दुसऱ्या मशीनवरून त्याची फंक्शन्स चालवता येतात) टीएलएस लावणं, म्हणजे त्याच्याशी होणारं बोलणं एन्क्रिप्ट करणं. सकाळी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं टूल) लावून बघितलं तर युजरनेम, पासवर्ड, सगळं साध्या एक्सएमएलमध्ये उघडं चाललेलं, खरं सांगते, पोटात गोळाच आला.

कोड चारपाच ओळींचाच आहे. जुन्या उदाहरणांतलं एसएसएल मॉड्यूलचं (पायथनमध्ये टीएलएसचं काम तेच करतं) रॅप-सॉकेट फंक्शन पायथन ३.१२ मधून काढून टाकलंय, म्हणून आधी एसएसएल-कॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्ज ठेवणारं ऑब्जेक्ट) बनवायचा, त्यात सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) आणि त्याची गुप्त की लोड करायची न् मग सर्व्हरचं सॉकेट (कनेक्शनचं टोक) त्यातून रॅप करायचं, झालं. वेळ खाल्ला तो सर्टिफिकेटनी. ओपनएसएसएल टूलनी सेल्फ-साइन्ड (आपणच सही केलेलं) बनवलं, क्लायंटला विश्वासातलं म्हणून दिलंही, तरी तो घेईचना, कारण आम्ही आयपी अ‍ॅड्रेसनी कनेक्ट करतो आणि तो आयपी सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेममध्ये (सर्टिफिकेट कुठल्या नावांना-पत्त्यांना चालेल त्या यादीत) टाकलेलाच नव्हता!

टीममधला एकजण म्हणाला, व्हेरिफिकेशन बंद कर ना ताई, चालतंय. नाही केलं. मग मधे कोणीही सर्व्हर बनून बसेल, एन्क्रिप्शनचा उपयोग काय?

नवीन सर्टिफिकेट बनवलं, संध्याकाळी परत वायरशार्क लावला, आता नुसतं अ‍ॅप्लिकेशन डेटा, अ‍ॅप्लिकेशन डेटा, म्हणजे आतलं काहीच वाचता येत नाही. खूप बरं वाटलं.