ओली जखम

मराठी घरात जखमेवर दोनच इलाज: हळद, आणि 'उघडी ठेव, वाळू दे'. जुलैतल्या मुंबईत वाळणार काय, कपाळ? इथे पंख्याखाली टाकलेले मोजे दुसऱ्या दिवशीही दमटच लागतात.

गांडुळाच्या नशिबी तर वाळणं म्हणजे मरणच. त्याला फुप्फुसं नसतात, श्वास घ्यायचा तो ओल्या कातडीतूनच. त्यामुळे जखम भरण्याचा कारभारही ओल्यातच.

सोसायटीचा माळी गुलाबाचं आळं उकरत होता, तेव्हा एकाला खुरप्याची निसटती चीर गेली. मी चष्मा सावरून वाकलो. ते अंग आक्रसून इतकं आखूड झालं, की चीर मिटल्यासारखीच दिसली. भोवती चिकट ओल. आधी स्नायू असे जखमेचं तोंड आवळतात. मग शरीराच्या पोकळीतल्या द्रवात फिरणाऱ्या पेशी तिथे गोळा होऊन बूच बसवतात. त्या द्रवात जंतू मारणारी द्रव्यंही असतात. नंतर कातडीची पाळी. गांडुळाची बाह्यत्वचा जेमतेम एका थराची. पण काठावरच्या उंच पेशी नव्या पेशी तयार व्हायची वाट बघत नाहीत. त्या चपट्या होतात, पसरतात आणि बुचावरून सरकत समोरच्या काठाला भिडतात. लोकलमध्ये चौथा उतरला की उरलेले तिघे ऐसपैस होऊन बाक भरून टाकतात ना, अगदी तसं.

"तुटलं असतं तर दोन झाली असती," पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या. काही मोजक्या जातींत होतातही. एरवी डोक्याकडचा भाग जगला तर त्याला शेपूट फुटते, शेपटाकडच्याचं काही खरं नसतं. फळमाश्यांवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळवलेले टी. एच. मॉर्गन त्याआधी गांडुळंच कापत बसत. मागच्या तुकड्याला डोक्याच्या जागी चक्क दुसरी शेपूट फुटलेली त्यांनी पाहिली. दोन्हीकडे शेपूट, तोंड कुठेच नाही. खाणार कशानं?

आपल्या कातडीच्या पेशीही काठावरून अशाच सरकतात. मात्र वर कडक खपली धरली की त्यांना तिच्याखालून, ओलाव्याच्या थरातून वाट काढावी लागते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या काही जखमा झाकून ओलसर ठेवल्या. उघड्या जखमांपेक्षा त्यांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं चढली. नातवाच्या सोललेल्या गुडघ्याला वारा घालणाऱ्या काकूंना मी हे सांगून पाहिलं. "डुकराचं मला नको सांगूस," म्हणाल्या.

त्यांचा धसकाही अगदीच उगाच नाही म्हणा. गांडुळाची ओल त्याच्या अंगची. हिंदमाताला तुंबलेलं पाणी वेगळं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खरचटलेल्या पायातूनही आत शिरतात. अशा पाण्यातून आल्यावर साबणानं पाय धुवायचे आणि जखम असेल तर सरळ डॉक्टर गाठायचा.