आईचं गजकर्ण, केओएच टेस्ट आणि कल्चर: माझा अनुभव

आईला कमरेला, परकराची नाडी बसते नेमकं तिथे, पावसाळ्यात गोल चट्टा उठला. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, तिथल्या एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, ती लावली की खाज थांबायची आणि सोडली की दुप्पट व्हायची. शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमनी ट्यूबवरचं वाचून दाखवलं, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर क्लोबेटासोल, म्हणजे एकदम स्ट्राँग स्टेरॉइड. त्याने लाली आणि खाज दबते पण अंगाचा प्रतिकारही दबतो, मग बुरशी निवांत पसरते आणि चट्ट्याची कड पुसट झाल्याने डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. असल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय हातात कशा देतात, मला अजून राग येतो.

मधे टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांचा कोर्स झाला होता, फरक जेमतेम. मॅडम म्हणाल्या, "काकू, आता अंदाजाने नको, आधी स्क्रॅपिंग करू."

लॅबमधल्या ताईंनी जागा स्पिरिटने पुसली आणि बोथट ब्लेडने कडेवरून खरवडलं, मधून नाही, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत जाते आणि कडेलाच जोमात असते. खपल्या काळ्या कागदावर घेतल्या म्हणजे बारीक कणही दिसतात. मग काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, तेच केओएच. त्यात आपल्या कातडीच्या पेशी विरघळत जातात, बुरशीची भिंत कायटिनची असते ती टिकते. ताईंनी मलाही मायक्रोस्कोपमधून बघू दिलं, फिकट, किंचित चमकणारे धागे, मधे मधे आडवे पडदे, कुठे फांदी फुटलेली, पेशींच्या रेघा न जुमानता सरळ आरपार गेलेले. इतके दिवस आईला झोपू न देणारं ते हेच.

त्यानंतर मी बरंच वाचून काढलं. बुरशी वनस्पती नाही आणि बॅक्टेरियाही नाही, तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, म्हणून तिला मारेल पण आपल्याला त्रास देणार नाही असं औषध मिळणं कठीण. मोठा फरक एकच कामी येतो, आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं आणि तिच्यात एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनण्याची एक पायरी अडवतं, इट्राकोनाझोल हे दुसरं औषध त्याच्या पुढची. बुरशीतही प्रकार आहेत, कॅन्डिडा म्हणजे यीस्ट, सुट्या गोल पेशींची, 2021 मध्ये सगळ्यांना माहीत झालेली म्युकर म्हणजे मोल्ड, धाग्यांची, हिस्टोप्लाझ्मासारख्या काही मातीत धाग्यांच्या रूपात राहतात आणि शरीराच्या उष्णतेत यीस्ट होतात. आईची डर्मॅटोफाइट, म्हणजे केराटिन (कातडी, केस, नखं ज्याची बनतात ते प्रथिन) खाणारी, त्यामुळे ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात, केसांत किंवा नखांतच राहते, सहसा खोल जात नाही.

केओएचचा रिपोर्ट लगेच मिळाला पण त्याने फक्त बुरशी आहे एवढंच कळतं, कोणती ते नाही. त्यासाठी कल्चर, म्हणजे खपल्यांतली बुरशी साबुरो अगार नावाच्या खाद्यावर वाढवून बघायची. यात मात्र धीर लागतो, या बुरश्या सावकाश वाढतात, निगेटिव्ह म्हणायलाही साधारण चार आठवडे थांबतात. आमचं आलं ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस कॉम्प्लेक्स, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या बुरश्यांचा एक गट. मॅडम म्हणाल्या यातलाच एक प्रकार भारतात खूप पसरलाय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, 2020 मध्ये जपानच्या संशोधकांनी हे नाव दिलं, त्याच्या बऱ्याच नमुन्यांत स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या जीनमध्ये बदल सापडतो, आणि टर्बिनाफिन नेमकं हेच एन्झाइम अडवतं. पक्कं ओळखायला डीएनए तपासावा लागतो, पण गोळ्यांचा अनुभव बघून त्यांनी इट्राकोनाझोल सुरू केलं, कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आईच्या बाकीच्या गोळ्यांची यादीही आधी मागून घेतली कारण ते बऱ्याच औषधांशी जमत नाही.

घरात टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही मॅडमनी कॅप्सूल लगेच बंद केली नाही, कडेच्या जागेवरून परत केओएच केलं, ते निगेटिव्ह आल्यावरच थांबवली. आता वहिनीच्या मांडीवर तसाच चट्टा दिसतोय, तिला कोणतीही ट्यूब लावू दिली नाही, सरळ स्क्रॅपिंगला नेलं, केओएच पॉझिटिव्ह आहे, कल्चरचा रिपोर्ट यायचाय.